चौथा लॉट खराब का आला? चिनी सप्लायरच्या ‘मेई वेन्ती’बद्दल

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजून घेण्यात काही चुकलं असेल तर सांगता येईल. तुम्ही कोल्हापुरात चामड्याच्या आणि कॅनव्हासच्या बॅगा बनवता. बकल, डी-रिंग आणि हुक ग्वांगझूच्या एका सप्लायरकडून मागवता. तीन लॉट चोख आले. चौथा 18 जानेवारी 2025 ला तिकडून निघाला. बॅगा दुकानांत गेल्या आणि जुलैच्या पावसात बकलांवर फोड येऊन प्लेटिंग, म्हणजे वरचा धातूचा पातळ मुलामा, सुटायला लागलं. ऑर्डरच्या कागदावर ‘सँपलप्रमाणे’ असं स्पष्ट लिहिलं होतं. तक्रार केल्यावर तिथली सेल्सची मुलगी आधी ‘मेई वेन्ती’, म्हणजे ‘काही अडचण नाही’, म्हणत राहिली. मग ती विषय बदलायला लागली आणि पैसे परत मागितल्यावर गप्पच बसली. शेवटी तुम्ही विचारलंय, चिनी माणसावर विश्वास ठेवावा की नाही?

या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मी मूळची मिरजेची. 2009 पासून ग्वांगझू आणि फोशानमध्ये काम करते, आधी दुभाषी म्हणून आणि नंतर माल तपासणारी म्हणून. शब्दाला जागणारे आणि शब्द फिरवणारे, दोन्ही तिकडेही भेटले आणि आपल्याकडेही. पण तुमच्या प्रश्नात एक ओळ आहे, जी तुम्ही जाता जाता लिहून टाकलीय: ‘दर ऑर्डरला आम्ही रेट पाच टक्क्यांनी उतरवून घेतला.’ माझ्या मते खरी गोम तिथे आहे.

जरा हिशोब करू. बकल जस्ताचं ओतलेलं, साधारण 25 ग्रॅमचं धरा. जस्ताचा भाव तिकडे गेली काही वर्षं टनाला 20 ते 25 हजार युआनच्या आसपास फिरतोय, म्हणजे किलोला 20 ते 25 युआन. एका बकलात नुसतं जस्तच अर्ध्या युआनहून जास्त किमतीचं जातं. तुम्ही 1.20 युआनने सुरुवात केलीत, मग 1.14, मग 1.08, आणि चौथ्या वेळी 1.03. जस्ताचे पैसे वजा जाता जेमतेम अर्धा युआन उरला. त्यात ओतकाम, कडा घासणं, पॉलिश, प्लेटिंग, मोजणी, पॅकिंग, त्या मुलीचं कमिशन आणि मालकाची मिळकत बसवायची. कुठे काटछाट करणार? जस्त कमी केलं तर वजनकाटा बोलतो. पॉलिश कमी केलं तर डोळ्याला दिसतं. प्लेटिंगचा थर पातळ केला तर मात्र पाऊस पडेपर्यंत कुणाला कळत नाही.

‘मग त्याने या रेटला हो म्हटलंच कशाला?’ असं तुम्ही म्हणाल. याचं उत्तर आजच्या चीनमध्ये आहे. तिथे 2020 च्या सुमारास एक शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला, ‘नेईच्युआन’. शब्दशः अर्थ आतल्या आत गुंडाळत जाणं. सगळे जण जास्त राबतात, एकमेकांचा भाव पाडतात आणि शेवटी कुणाच्याच हाती काही लागत नाही. आधी हा शब्द परीक्षांच्या चरकातली मुलं आणि कंपन्यांत सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस जुंपलेली तरुण मंडळी वापरायची. आता कारखानदारही वापरतात आणि सरकारही त्याविरुद्ध बोलू लागलंय. तुमच्या सप्लायरच्या मालकाने 1.03 नाकारला असता तर शेजारच्या गाळ्यातल्याने 1.01 ला घेतला असता. शिवाय मशीन थांबलं की कारागीर निघून जातो. तरुण पोरं हल्ली कारखान्यात टिकत नाहीत. ‘यापेक्षा स्कूटरवरून जेवणाचे डबे पोचवू, निदान वर उभा राहून ओरडणारा कुणी नाही,’ असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. म्हणून मालक नफा नसला तरी ऑर्डर घेतो आणि आत कुठेतरी तोंडमिळवणी करतो. त्याच्या लेखी ती फसवणूक नसते. ‘जेवढे पैसे दिलेत तेवढा माल’ हा त्याचा साधा हिशोब. फक्त तो हिशोब तो तुम्हाला सांगत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही ज्याला फॅक्टरी म्हणताय ती बहुधा अर्धीच फॅक्टरी आहे. ग्वांगझूच्या ह्वातू जिल्ह्यात शिलिंग नावाचं गाव आहे, सगळं बॅगांवर जगणारं. एका रस्त्यावर चामडं, दुसऱ्यावर अस्तराचं कापड, तिसऱ्यावर नुसती बकलं आणि रिंगा. तिथे एक जण ओततो, दुसरा पॉलिश करतो आणि तिसरा प्लेटिंग. प्लेटिंगचं सांडपाणी विषारी असतं. 2016-17 मध्ये केंद्राची पर्यावरण तपासणी पथकं प्रांताप्रांतांत फिरली तेव्हा कितीतरी छोट्या प्लेटिंगवाल्यांना टाळं लागलं आणि उरलेल्यांना ठरवून दिलेल्या वसाहतींत जावं लागलं. तिथे भाडं जास्त, सांडपाण्याचा खर्च जास्त, रांगही लांब. त्यामुळे बकलवाले सोयीप्रमाणे प्लेटिंगवाला बदलतात, आणि बदलला की गिऱ्हाइकाला कळवायची पद्धत नाही.

एकदा मी अशा एका शेडमध्ये उभी होते. रसायनाच्या वासाने घशाला खरखर सुटली होती. प्लास्टिकचं भोकाभोकांचं पिंप टाकीत आडवं फिरत होतं आणि आतल्या बकलांचा खडखडाट चालू होता. भिंतीवरच्या कागदावर निकेलसाठी 20 मिनिटं लिहिलेली. कामगाराने 12 मिनिटांनी पिंप वर उचललं. मी घड्याळ दाखवलं, तर हसून म्हणाला, ‘छापुत्वो.’ हाही शब्द लक्षात ठेवा. अर्थ ‘जवळपास तेवढंच’. दोन्ही बकलं शेजारी ठेवली असती तर मलासुद्धा फरक सांगता आला नसता. पण करंट तोच आणि वेळ निम्म्याच्या जरा वर, म्हणजे थरही त्याच प्रमाणात.

आणि तुमचं सँपल? सँपलचे पाच-दहा नग सहसा तारेला टांगून प्लेटिंग करतात, निगुतीने. लॉटचे हजारो नग पिंपात जातात. पिंपात ते एकमेकांवर आपटतात, आणि खाचाखोचांत थर पातळ बसतो. तुमच्या कागदावरचं ‘सँपलप्रमाणे’ त्याने वाचलं असेल ते ‘सँपलसारखं दिसणारं’ असं. दिसायला माल तसाच होता, हे तुम्हीही मान्य कराल.

तिसरी गोष्ट कॅलेंडरची. 2025 चा वसंतोत्सव, म्हणजे चिनी नवं वर्ष, 29 जानेवारीला होता. तुमचा माल 18 ला निघाला. सणाच्या आधीचे दोन-तीन आठवडे हा तिकडचा सगळ्यात धोक्याचा काळ. कोट्यवधी माणसं गावी निघालेली असतात, रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत, हातातले कसबी कारागीर निम्म्यावर आलेले असतात, आणि मालकाला सणाआधी सगळ्यांचे पगार आणि देणी चुकवायची असतात. त्यासाठी तुमच्या बिलाचे उरलेले 70 टक्के हवे असतात, आणि ते माल निघाल्याशिवाय मिळत नाहीत. त्यामुळे माल निघतो, कसाही असला तरी. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या दिवशी शिंप्याकडून आलेल्या ब्लाउजची शिवण आठवा. पुढच्या वसंतोत्सवाची तारीख आधी बघून ठेवा. त्याच्या आधीच्या महिन्याभरात निघणारा माल मी तरी तपासल्याशिवाय उचलणार नाही.

आता ‘मेई वेन्ती’कडे येऊ. तुम्ही ‘होईल का?’ असं विचारलंत की तिकडे एकच उत्तर येतं. समोरच्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणं हे त्याचा आणि स्वतःचाही मान घालवणं समजतात. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे काय ते आपण जाणतो, आणि लग्नाच्या बोलण्यांत मुलाकडचे ‘कळवतो’ म्हणाले की मुलीकडचे दुसरं स्थळ बघायला लागतात. तिकडे ‘जरा विचार करतो’, ‘हे थोडं सोयीचं होणार नाही’, ‘वर बोलून बघते’ ही सगळी ‘नाही’ची रूपं आहेत. म्हणून मी ‘होईल का’ असा प्रश्नच विचारत नाही. प्लेटिंग कोण करणार, कोणत्या गावात, टांगून की पिंपात, निकेलला किती मिनिटं, मी मंगळवारी शेडवर आले तर चालेल का, असं विचारते. यातल्या एखाद्या प्रश्नावर समोरचा चाचरला की कुठे पाणी मुरतंय ते कळतं.

त्या सेल्सच्या मुलीवर फार राग धरू नका. ती बावीस-पंचवीस वर्षांची असणार, पगार बेताचा आणि भिस्त कमिशनवर. पैसे परत करायचा अधिकार तिला नाही आणि मालकाला वाईट बातमी सांगायची हिंमतही नाही. शिवाय तुम्ही तिच्याशी व्हॉट्सॲपवर बोलता, जे चीनमध्ये बंद आहे. ती व्हीपीएन लावून दिवसातून एकदा-दोनदा उघडत असेल. त्यांचा सगळा धंदा चालतो वीचॅटवर, आणि वीचॅट आपल्या सरकारने जून 2020 मध्ये बंद केलं. म्हणजे मालकाच्या कानावर तुमची तक्रार गेलीच नसेल, किंवा ‘इंडियातलं एक गिऱ्हाईक डिस्काउंट मागतंय’ एवढीच गेली असेल. वसंतोत्सवानंतर ही मुलगी नोकरी बदलण्याची शक्यताही बरीच. ती गेली की तुमच्या तीन चांगल्या लॉटची आठवण तिच्याबरोबर जाते.

तर आता करायचं काय? मालकापर्यंत पोचा. त्याला सगळे ‘लाओपान’ म्हणतात. चिनी बोलणाऱ्या कुणाकडून तरी फोन करवा, किंवा सरळ जाऊन या. ऑक्टोबर 2025 पासून कोलकाता-ग्वांगझू थेट विमान पुन्हा सुरू झालंय. एकट्याला गाठा, सेल्सच्या पोरांसमोर विषय काढू नका. आणि पैसे परत मागून सुरुवात करू नका. चिनी भाषेत ‘उतरायला पायरी देणं’ असा वाक्प्रचार आहे. माणूस उंचावर अडकला असेल तर त्याला खाली यायला एक पायरी ठेवायची. तुमच्या बाबतीत ती पायरी तयारच आहे: ‘प्लेटिंगवाल्याने तुम्हालाही गोत्यात आणलेलं दिसतंय. आपण तीन लॉट उत्तम केले. हा चौथा कसा मिटवायचा, तुम्हीच सुचवा.’ सोबत फोटो, लॉट नंबर, किती नग खराब त्याची मोजणी.

हे तुम्हाला नाटकी वाटेल. मलाही वाटायचं. 2012 साली मी एका मालकाला त्याच्या कामगारांसमोर फैलावर घेतलं होतं. मुद्दा शंभर टक्के माझा बरोबर होता. तो हसत राहिला, सगळं कबूल केलं, चहा पाजला. त्यानंतरचे तीन लॉट उशिरा आले, दर वेळी वेगळं आणि पटण्यासारखं कारण देऊन. बरोबर असण्याची किंमत गिऱ्हाइकाने मोजली, आणि ते गिऱ्हाईक माझ्या हातून गेलं.

रोख परतावा का अवघड, तेही सांगते. पैसे देशाबाहेर पाठवायला त्याला बँकेत कागद दाखवावे लागतात, आणि निर्यातीवरची कराची सूट त्याने एव्हाना घेतलेली असते. त्याहून मोठी अडचण घरातली. बऱ्याच कारखान्यांत तिजोरीच्या किल्ल्या मालकाच्या बायकोकडे असतात. तिलाही स्वतंत्र संबोधन आहे, ‘लाओपानन्यांग’. जेवणाच्या टेबलावर मालक छातीवर हात मारून शब्द देतो, आणि दुसऱ्या दिवशी हिशोबाच्या खोलीत ती शांतपणे विचारते, ‘कुठल्या खात्यातून?’ मी आता हिशोबाची बोलणी ती खोलीत असतानाच काढते. बदली माल किंवा पुढच्या दोन-तीन ऑर्डरींत रेटमधून वजावट, यातलं काहीतरी ती मान्य करते. बदली माल ‘फुकट’ म्हणून आला तरी आपल्याकडे कस्टम ड्युटी चुकत नाही, हे बोलणी करतानाच धरा. आणि वजावट मिळवण्यासाठी नेहमीपेक्षा मोठी ऑर्डर देऊ नका. त्या आमिषाला बळी पडलेले मी पुष्कळ पाहिलेत.

जेवणाचा विषय निघालाच आहे. ‘चीनमध्ये सगळं ओळखीवर चालतं, त्यांच्याबरोबर बसून प्यायलं की काम होतं,’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ते अर्धंच खरं. ओळखीमुळे तुमचा फोन उचलला जातो आणि रांगेत तुमचा माल पुढे सरकतो. प्लेटिंग जाड होत नाही. पूर्वी जेवणावळी फार चालत. आता चाळिशीच्या आतले मालक, विशेषतः बापाचा कारखाना नाइलाजाने चालवायला घेतलेली परदेशी शिकलेली मुलं, कॉफीवर तासाभरात विषय संपवतात. मला तर ‘औषध चालू आहे’ म्हटलं की पिण्यातून सूट मिळते, आजवर कुणी आग्रह धरला नाही. शाकाहारी असाल तर मात्र ‘मांस नको’ एवढ्यावर थांबू नका. भाजीत खिमा टाकला तर त्यांच्या लेखी ती भाजीच.

आणखी एक. हपेई प्रांतातल्या शिज्याच्वांगला एका वयस्कर कारखानदाराने मी महाराष्ट्रातली आहे कळल्यावर उभं राहून ‘क दी ह्वा’ म्हटलं होतं. हे आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव. 1942 साली ते त्याच प्रांतात वारले, आणि शिज्याच्वांगला त्यांचं स्मारक आहे. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हाताऱ्याने जेवणाचं बिल दिलं, स्टेशनवर सोडायला आला, आणि रेट एका पैशाने कमी केला नाही. बरोबरच केलं त्याने.

पुढच्या ऑर्डरसाठी कागद नव्याने करा. ‘सँपलप्रमाणे’ हा शब्द काढून टाका. खालचा तांब्याचा थर किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), वरचा निकेलचा किती, प्लेटिंग टांगून की पिंपात, आणि मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात किती तास टिकलं पाहिजे, हे लिहा. आपला पावसाळा बघता मी 48 तास लिहीन. प्लेटिंगवाला बदलायचा तर आधी कळवणं बंधनकारक करा. सँपलची दोन पाकिटं सही करून सील करा, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे, आणि सँपल लॉटच्याच पद्धतीने प्लेटिंग केलेलं हवं. उरलेले 70 टक्के तपासणीनंतरच. हे सगळं चिनी भाषेत लिहून त्यावर कंपनीचा गोल लाल शिक्का घ्या, मध्ये तारा असलेला. तिकडे सहीपेक्षा शिक्क्याला वजन आहे, आणि कंपनीचं कायदेशीर नाव चिनी अक्षरांतलंच असतं. तुमच्या प्रोफॉर्मा बिलावरचं झोकदार इंग्रजी नाव कोर्टात कुणी ओळखणार नाही.

हा कागद पाहून तो रेट 1.20 किंवा त्याहून वर सांगेल. तेवढा द्या.

यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही सांगायला हवं. तुमची वर्षाची खरेदी दोन-चार लाखांची असेल तर पिंपाऐवजी टांगून प्लेटिंग करायला तो तयार होणार नाही. मग ग्वांगझूत माल एकत्र करून पाठवणारा एखादा व्यापारी बरा पडेल. समोरचा कारखानदार नसून मधला दलालच निघाला, किंवा मालकाने फोन उचलणंच बंद केलं, तर नुकसान सोसून दुसरा माणूस शोधा. कायद्याने लढता येतं, लवादाचा निवाडा चीनमध्ये बजावता येतो, पण त्याचा खर्च कंटेनरभर मालाचा वाद असेल तरच परवडतो. बकलांच्या चार पेट्यांसाठी नाही.

मालकाला फोन करण्यापूर्वी मात्र एक काम करा. खराब बकलावरचा एखादा फोड ब्लेडच्या टोकाने उचकटा आणि खाली कोणता रंग दिसतो ते बघा. तांबूस दिसला तर तांब्यापर्यंतचं काम ठीक होतं, निकेल धरलेलं नाही. तो दोष सरळ प्लेटिंगवाल्याचा. राखाडी दिसला आणि पांढरी भुकटी निघाली तर तांबं जस्तावर नीट बसलंच नव्हतं, आणि त्याला ओतकामातली बारीक छिद्रंही कारण असू शकतात. म्हणजे दोष तुमच्या लाओपानच्या स्वतःच्या शेडमधलाही असू शकतो. दोन्ही बाबतींत बोलणी वेगळी करावी लागतील. पाच-सहा फोडांचे जवळून काढलेले फोटो टाका, बघून सांगते.